फडातल्या बाईचा मालक कोण?

महाराष्ट्रातील सहकारी आणि खासगी साखर कारखान्यांचे सन्माननीय अध्यक्ष व संचालक मंडळ यांस,



कर्मचाऱ्यांचे आरोग्य आणि मालकाची जबाबदारी हा विषय निघाला की बोलणे हिंजवडी, मगरपट्टा, पवई इथल्या काचेच्या इमारतींकडे वळते. सकाळचा योगवर्ग, समुपदेशकाचा फोन नंबर, वर्षातून एकदा रक्ततपासणी, जिमच्या फीमध्ये सवलत. हे सगळे असायलाच हवे. पण महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या हंगामी कामगारवर्गाचे नाव या चर्चेत येत नाही. हा वर्ग आपल्या कारखान्यांसाठी ऊस तोडतो. त्याची संख्या कोणी आठ लाख सांगतो, कोणी पंधरा लाख. नेमका आकडा सांगता येत नाही, कारण आजवर कोणत्याही मालकाने ही माणसे आपली म्हणून मोजलेली नाहीत. म्हणूनच हे पत्र सरकारला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली धारूर, वडवणी, केज, परळी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली आणि शेजारच्या पाथर्डीतली गावे रिकामी होऊ लागतात. जालना, परभणी, धाराशिव इथूनही टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, भांडी, शेळी, कोंबड्या आणि पोरे. म्हातारी माणसे तेवढी घर राखायला मागे राहतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटपर्यंत ही माणसे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. त्यांचा हिशेब माणशी होत नाही, कोयत्यावर होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावाने एकच आणि ती घेणारा हात नवऱ्याचा. अर्ध्या कोयत्याची बाई कारखान्याच्या कुठल्याच वहीत स्वतःच्या नावाने नसते.

तिचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. पालाच्या कोपीबाहेर तीन दगडांची चूल, त्यावर दुपारपर्यंत पुरतील एवढ्या भाकरी. पाणी शेतातल्या विहिरीवरून किंवा कॅनॉलवरून डोक्यावर आणायचे. अंघोळ उजाडायच्या आत, साडीच्या आडोशाने उरकायची. फडात पोचेपर्यंत पुरते उजाडलेलेही नसते. मग ऊस तोडायचा, पाचट काढायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे आणि उतरायचे, पुन्हा चढायचे. जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. म्हणजे एका माणसाच्या डोक्यावरून दिवसभरात किती मोळ्या जातात, त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. संध्याकाळी कोपीवर आले की पुन्हा चूल. गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची, दोनला आली तर दोनला. ट्रकच्या दिव्याच्या उजेडात भरणी चालते आणि कडेला पाचटावर लेकरू झोपलेले असते. फडात शौचालय नाही आणि कोपीवरही नाही. म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही आणि धुवायला पाणी नाही. बसून राहावे तर खाडा पडतो. गैरहजेरीचा हा दंड काही ठिकाणी पाचशे रुपये, काही ठिकाणी त्याहून जास्त असतो आणि कोयता एकच असल्यामुळे एकीच्या दुखण्यात दोघांचा दिवस बुडतो.

यातून पुढे जे घडले ते सारा देश 2019 मध्ये वाचत होता.

विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने त्या वर्षी समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे जवळपास सहातल्या एकीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2015-16 च्या फेरीत देशभरात 15 ते 49 वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण 3.2 टक्के होते. वयोगटांचा फरक धरला तरी दोन आकड्यांमधली दरी बुजत नाही. अंगावरून पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, पाळीत जास्त रक्त जाणे, ओटीपोटात दुखणे, अशा तक्रारी घेऊन बाई तालुक्याच्या खासगी दवाखान्यात गेली. यातली कितीतरी दुखणी गोळ्या-औषधांनी बरी होण्यासारखी होती. तिला मात्र सांगितले गेले, ‘पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल.’ तिनेही हिशेब केला. दर महिन्याचे चार दिवस, दर दिवसाचा खाडा, वर उचलीवरचे वाढते कर्ज. मुले झालेली आहेत, मग पिशवीची कटकट कशाला? ऑपरेशनचे पैसे पुन्हा टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडूनच उचल म्हणून आले आणि ते फेडायला ती पुन्हा फडात गेली. अंडाशयेही काढली गेली असतील तर तिशीतच तिला रजोनिवृत्ती आली. पुढे हाडे ठिसूळ होणे, कंबरदुखी, घाम, झोप उडणे, आणि डोक्यावर मोळी होतीच.

बातम्यांनंतर हालचाल झाली. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. हंगामाआधी आणि हंगामानंतर महिलांची तपासणी करण्याचे ठरले. मुंबई उच्च न्यायालयानेही ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरी 2025 च्या मध्याला बीडच्या आरोग्य विभागाचे जे आकडे बाहेर आले, त्यांत ऊसतोडीला जाण्यापूर्वी गर्भपिशवी काढलेल्या 843 महिलांची नोंद होती. त्यांतल्या 477 जणी 30 ते 35 वर्षांच्या होत्या. त्याच अहवालात हंगामात फडावर काम करणाऱ्या 1,523 गर्भवतींचीही नोंद आहे.

डॉक्टरांवर लगाम घालण्याचे काम सरकारचे होते आणि त्याने ते काही प्रमाणात केले. पण बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत ढकलणारी परिस्थिती रुग्णालयात तयार होत नाही. ती फडात तयार होते, आणि फड आपल्या कारखान्याच्या तोडणी प्रोग्रामवर चालतो.

इथे आपले नेहमीचे उत्तर येते. ‘ऊस शेतकऱ्याचा. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. आमचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी. टोळीतल्या मजुरांशी कारखान्याचा थेट संबंध नाही.’ हे उत्तर कागदावर टिकणारे आहे. शिवाय उचल घेऊन पळालेल्या मुकादमांनी कारखान्यांचे आणि वाहनमालकांचे कोट्यवधी रुपये बुडवले, ही आपली तक्रारही खरी आहे. त्या फसवणुकीत कित्येक ट्रॅक्टरमालक देशोधडीला लागले, हे नाकारता येणार नाही.

पण मग एका गोष्टीचा उलगडा होत नाही. तोडणीचा दर ठरवायची वेळ येते तेव्हा टेबलाच्या एका बाजूला ऊसतोड कामगारांच्या संघटना बसतात आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्यांची संघटना बसत नाही. तिथे राज्य साखर संघ बसतो. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरवली, ती साखर संघाशी झालेल्या चर्चेतून. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनाला दहा रुपये भरायचे ठरले, ते कारखान्यांनी. कुठल्या टोळीने उद्या कोणत्या गटातला ऊस तोडायचा ते ठरवतो आपला शेतकी विभाग, आणि चिठ्ठी देतो आपला चिटबॉय. मजुरीचा दर जो ठरवतो, कामाची जागा आणि वेळ जो ठरवतो, आणि ज्याच्या गव्हाणीत शेवटी तो ऊस पडतो, त्याला सगळे जग मालक म्हणते. या पत्राचे म्हणणे एवढेच आहे की आपणही म्हणावे. एकदा हे मान्य केले की बाकीच्या गोष्टी सोयीच्या आणि खर्चाच्या उरतात, आणि त्या सुटण्यासारख्या आहेत.

मालकाने कायद्याची वाट न पाहता कामगाराच्या तब्येतीची जबाबदारी घेतल्याची उदाहरणे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीची आहेत. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 मध्ये आला आणि मोफत वैद्यकीय मदत 1915 मध्ये. देशातल्या कारखान्यांसाठी आठ तासांचा दिवस कायद्याने पक्का व्हायला पुढे कित्येक दशके जावी लागली. मुंबई इलाख्यात स्त्री कामगारांसाठी प्रसूती लाभाचा कायदा 1929 मध्ये झाला. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळंतपणातल्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी 1,523 गर्भवती फडात मोळ्या उचलताना नोंदल्या जातात.

कायद्याने या बाईला कसे वगळले आहे तेही एकदा पाहायला हवे. कर्मचारी राज्य विमा कायदा 1948 चा. त्यातून हंगामी कारखाने बाहेर ठेवले गेले आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर नावाने होती. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात पाळणाघर, उपाहारगृह, प्रथमोपचार, कल्याण अधिकारी हे सारे होते, पण ते कारखान्याच्या आवाराला लागू होते आणि ऊसतोड आवाराबाहेर चालते. चहा, कॉफी, रबराच्या मळ्यांसाठी 1951 चा मळे कामगार कायदा झाला आणि आसामातल्या चहामळ्याच्या मालकावर घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी आली. त्यातल्या सोयी पुष्कळदा अपुऱ्या असतात, तरी जबाबदारी कोणाची हा प्रश्न तिथे उरत नाही. उसाचा त्या यादीत समावेश नव्हता. आंतरराज्य स्थलांतरितांचा 1979 चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. म्हणजे धारूरची बाई बेळगावला गेली तर तिला तो लागू व्हायचा, शिरोळला गेली तर नाही.

आता थोडा फरक पडला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कंत्राटी कामगारांच्या कल्याणाच्या सोयी मूळ मालकाने पुरवाव्यात असे म्हटले आहे. जुन्या 1970 च्या कायद्यात ती जबाबदारी आधी ठेकेदाराची होती आणि त्याने कुचराई केली तरच मूळ मालकाकडे येत असे. ऊसतोड या चौकटीत बसते की नाही यावर वकील वर्षानुवर्षे वाद घालू शकतील. आपण तो वाद जिंकण्यासाठी खर्च करावा की शौचालयांसाठी, हा निर्णय संचालक मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो.

तोडकऱ्याच्या तब्येतीची काळजी कारखान्याने घेण्याची ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. मध्य अमेरिकेत साखर कारखान्यांनीच हे करून पाहिले आहे. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा परिसरात ऊसतोडीचे काम करणारी तरुण माणसे मूत्रपिंडाच्या आजाराने मरू लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय तिशी-चाळिशीचे, आणि मूत्रपिंडे निकामी. कडक उन्हात, पाणी न पिता, टनावर मजुरी असल्यामुळे न थांबता केलेले काम हे त्यामागचे मोठे कारण असल्याचे अभ्यासक सांगू लागले. जवळच्या एल साल्वाडोरमध्ये एल आन्हेल नावाच्या कारखान्याने 2014-15 च्या हंगामात संशोधकांबरोबर एक प्रयोग केला. तोडकऱ्याच्या पाठीवर तीन लिटर पाण्याची पिशवी दिली. शेतात हलवता येईल असा सावलीचा तंबू उभारला. ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती आणि हाताला कमी ताण देणारा सुधारित कोयता. तोडकरी जास्त वेळा थांबू लागला, त्यामुळे तोड कमी होईल अशी भीती होती. झाले उलटे. माणशी रोजची तोड 5.1 टनांवरून 7.3 टनांपर्यंत गेली. नव्या कोयत्याचाही त्यात वाटा होताच आणि तिथला ऊस आधी जाळून मग तोडतात, त्यामुळे ते टन आपल्या टनांशी जुळवून पाहू नयेत. पण थांबलेल्या माणसामुळे कारखाना थांबत नाही, हे तिथे दिसले. पुढे निकाराग्वातल्या सान अंतोनियो कारखान्यातही पाणी, विश्रांती, सावली यांचा कार्यक्रम राबवला गेला आणि मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचे अभ्यासात आढळले.

सोलापूर, लातूर, धाराशिव पट्ट्यात हंगाम लांबला की मार्च-एप्रिलच्या चाळीस अंशांत तोड चालू असते. तिथे सावलीचा एक तंबू कोणी पाहिला आहे?

पोषणाचेही तसेच. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यावर 1970 च्या दशकात झालेला एक अभ्यास पोषणशास्त्रात आजही सांगितला जातो. रक्तक्षय असलेल्या कामगारांना साठ दिवस लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांनी गोळा केलेला चीक आणि त्यावर मिळणारी कमाई दोन्ही वाढली. या गोळ्या आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. अडचण एवढीच आहे की गोळी गावात असते आणि बाई फडात. तिची नोंद असते वडवणीच्या आशाताईच्या वहीत, ती असते वाळव्यात. वाळव्याच्या आरोग्यसेविकेच्या यादीत तिचे नाव नाही. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळाची लस, सगळ्याचा सांधा इथे निखळतो.

आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडे असे काही आहे जे आरोग्य खात्याकडे नाही. आज रात्री कोणती टोळी कोणत्या गावाच्या शिवारात, कुणाच्या रानात, किती कोयत्यांनी मुक्कामाला आहे, हे राज्यात फक्त आपल्या शेतकी कार्यालयाला रोजच्या रोज ठाऊक असते. मळी, बगॅस, उतारा यांचा हिशेब ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. टोळ्यांच्या मुक्कामाची यादी दर आठवड्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे गेली तर आरोग्यसेविका कोपीवर पोचू शकते. यासाठी कारखान्याला फारसा खर्चही नाही.

खर्चाचे म्हणाल तर तोही मांडून पाहू. पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने टनामागे पाच रुपये बाजूला काढले तर पंचवीस लाख रुपये होतात. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर टनाला 3,550 रुपये आहे, त्यात हे पाच रुपये किती? एवढ्या पैशांत हंगामभर फिरता दवाखाना आणि त्याबरोबर एक महिला डॉक्टर ठेवता येईल. तोडकऱ्यांच्या मुक्कामाच्या मोठ्या सेंटरवर पत्र्याची शौचालये, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी उभी राहील. दोन-तीन महिने एकाच जागी राहणाऱ्या वस्तीला याहून जास्त काही लागत नाही. हे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून कापू नयेत, हेही इथेच स्पष्ट म्हणायला हवे. उसाचा उत्पादक आणि उसाचा तोडकरी हे दोघेही शेतकरीच आहेत. एकाच्या खिशातून दुसऱ्याचे भागवणे हा मालकाचा मार्ग नव्हे.

काही अध्यक्ष म्हणतील की आता हार्वेस्टर आले, दहा वर्षांत तोडणी यंत्रावरच जाईल. जाईलही. सरकार यंत्राला अनुदान देत आहे आणि टोळ्या मिळत नाहीत ही आपली अडचण खरी आहे. पण लहान तुकड्यांचे रान, चढउताराची जमीन, दोन सऱ्यांतले अरुंद अंतर इथे यंत्र अजून पोचत नाही. ते पोचेपर्यंतच्या हंगामांत कित्येक हजार बायका फडात असतील. यंत्र येणार म्हणून आजच्या बाईचे पाणी थांबवता येत नाही.

मुकादमाशी होणाऱ्या करारपत्रातही बदल करता येतो आणि त्याला पैसा लागत नाही. आजारपणाचा खाडा लावला जाणार नाही, अशी एक ओळ. सातवा महिना लागलेली आणि बाळंतीण बाई फडात दिसणार नाही आणि तिच्या कोयत्याला ठरलेली मजुरी कारखाना भरून देईल, अशी दुसरी. दोघांची नावे, दोघांची बँक खाती, ही तिसरी. पहिल्या दोन ओळींनी दवाखान्याच्या वाटेवरचा खाडा बाजूला होतो. तिसरीने ती बाई पहिल्यांदा कागदावर येते. मुकादम कुरकुर करील. पण उचलीचा पैसा कारखान्याकडून निघतो, म्हणून अटही कारखाना घालू शकतो. कोणत्या कारखान्याने पहिल्यांदा हे केले, हे पुढच्या हंगामात टोळ्यांना आपोआप कळेल. टोळ्या मिळत नाहीत अशा दिवसांत मजूर कुठे जाईल ते आपण जाणताच.

आपल्यापैकी सहकारातल्या मंडळींना एक वेगळी आठवण द्यावीशी वाटते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा त्यामागे फक्त साखर नव्हती. कारखान्याबरोबर शाळा आल्या, रस्ते आले, पुढे दवाखाने आले. लोणी आणि कराड इथली वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये साखर कारखानदारीतून पुढे आलेल्या नेतृत्वानेच उभी केली. सभासदाच्या घरातले दुखणे आपले समजण्याची परंपरा या चळवळीत आहे. सभासद पश्चिम महाराष्ट्रातला बागायतदार, तोडकरी मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी. पहिल्याच्या आईच्या मोतीबिंदूचे शिबिर कारखाना भरवतो. दुसऱ्याच्या बायकोला त्याच आवारातल्या दवाखान्यात केसपेपर मिळावा, एवढी त्या परंपरेची सीमा वाढवायची आहे.

साखरशाळांचा अनुभवही आपल्याकडे आहे. तोडकऱ्यांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात हंगामी शाळा चालल्या. स्वयंसेवी संस्था, सरकार आणि कारखाने यांनी मिळून ते केले. त्या पुढे का विरळ झाल्या याची कारणे वेगळी आहेत, पण जिथे कारखान्याने जागा, वीज आणि पाणी दिले तिथे शाळा उभी राहिली, हे तेव्हा दिसले. दवाखाना आणि पाळणाघरही तसेच उभे राहू शकते. पाळणाघराची गरज तर जास्तच. लेकरू पाचटावर झोपलेले असताना ट्रॅक्टर मागे घेताना झालेले अपघात, सापाचे दंश आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याने ओढून नेलेली मुले या बातम्या प्रत्येक हंगामात येतात. कोपीवर एक सावली, एक ताई आणि दुपारची खिचडी असती तर यातली काही मुले आज असती.

आपल्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या आसपास होते. त्याआधी छापलेला अहवाल प्रत्येक सभासदाच्या घरी जातो. त्यात गाळप किती, उतारा किती, तोडणी-वाहतुकीला ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या किती, सगळे असते. येत्या अहवालात ऊसतोड कामगारांच्या आरोग्याचे एक पान घालावे, ही विनंती. किती कोयते होते आणि त्यांत बायका किती, किती सेंटरवर शौचालय आणि प्यायचे पाणी होते, डॉक्टर किती वेळा गेले, किती गर्भवती होत्या आणि त्यांतल्या किती जणींना घरबसल्या मजुरी मिळाली, किती अपघात झाले, किती मृत्यू. पहिल्या वर्षी बहुतेक रकान्यांत शून्य येईल. ते शून्य छापायची तयारी दाखवणारा पहिला कारखाना कोणता, ते सभासदांनी आणि पत्रकारांनी सभेत उभे राहून विचारावे.